सव्वा लाखातलं पिस्तूल

मच्छिंद्र हवालदाराला कुणी 'मेजर' म्हटलं की त्याच्या कपाळाची शीर तटतटायची. फौजेत बावीस वर्षं त्यानं आर्मरर म्हणून काढली. म्हणजे पलटणीच्या बंदुका खोलायच्या, पुसायच्या, बिघडल्या की नीट करायच्या. निवृत्त झाला तो हवालदार म्हणून. पण धाराशिवात परतल्यावर लोकांनी परस्पर बढती देऊन टाकली. "अरे, मेजर लई मोठा साहेब असतो," तो ओरडायचा, "म्या हवालदार हाय. हवालदार म्हणा, न्हायतर नुसतं मच्छिंद्र म्हणा!" लोक म्हणायचे, "बरं, मेजर."

मूळ गाव ढोकी. बाप तिथल्या कारखान्यावर पोती वाहायचा. मच्छिंद्र आता धाराशिवात दोन खोल्यांत राहायचा. एका कॉलेजच्या पहारेकऱ्यांवर देखरेख करायची नोकरी, घरी बायको मुक्ताबाई, आणि सुट्टीच्या दिवशी एक फुकटचा उद्योग. जिल्ह्यात कुणाला हत्याराचं लायसन मिळालं की तो माणूस पिस्तूल निवडायला मच्छिंद्रला दुकानात घेऊन जायचा. या कामाचा त्यानं कधी छदाम घेतला नाही. चहा घ्यायचा, आणि चहा पिता पिता समोरच्याची बिनपाण्यानं करायचा.

कारण येणारी गिऱ्हाइकंच तशी असायची. ठेकेदार, प्लॉटिंगवाले, कुठल्या तरी संस्थेचे संचालक. "मेजर, कमरेला उठून कुठलं दिसंल?"

"उठून दिसायला ती काय नवरी हाय का?"

एकानं तर गाडीच्या रंगाला शोभेल असं मागितलं होतं. दुसऱ्याला पोराच्या वरातीत बार काढायचे होते. त्याला मच्छिंद्रनं उंबऱ्यावरूनच परत पाठवला. "वर गेलेली गोळी खाली येतीच. कुणाच्या लेकराच्या डोक्यात येती ते तुमाला कळणार बी न्हाय. बँड लावा, ढोल लावा, म्या येत नसतो." मुक्ताबाई आतून म्हणाली, "आवो, दारात आलेल्या माणसाला असं बोलत्यात का?" तर तिच्यावरही डाफरला.

त्याचं साधं म्हणणं होतं. ज्याला गरज आहे तो कागदं घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवतो, आणि ज्याला फक्त मिरवायचंय त्याच्या कमरेला बघता बघता पट्टा येतो. हे बोलताना त्याचा आवाज चढायचा. शेजारी खिडकी लावून घ्यायचे.

राजेश्वरीबाई आली तेव्हा पहिल्या वाक्यालाच त्याचा निम्मा राग उतरला. ती म्हणाली, "हवालदारसाहेब, तुमचं नाव ऐकून आले."

ती मुरुमची. नवरा शिवशंकर आजारपणात गेला, तेव्हापासून रस्त्यावरचा पेट्रोल पंप ती एकटी चालवायची. दीड वर्षापूर्वी बँकेत भरणा करायला निघालेली असताना दोघांनी स्कूटी आडवी घातली, गळ्याला कोयता लावला आणि पिशवी नेली. पिशवीचं तिला फारसं काही नव्हतं. पण त्यानंतर रोज संध्याकाळी पंपाचा हिशोब मिटला की तिचे हात गार पडायचे. पंप विकून टाक, असं घरचे म्हणू लागले. विकणार नाही, असं ती म्हणाली आणि लायसनला अर्ज केला. चौकशा झाल्या, खेटे झाले, अखेर लायसन मिळालं. त्यावर हत्यार घ्यायची मुदत संपायला आता बारा दिवस उरले होते.

"सव्वा लाख हायत," ती म्हणाली. "त्याच्या वर एक रुपया न्हाय. फसले तर दुसऱ्यांदा घेता यायचं न्हाय मला."

"सव्वा लाखात पिस्तूल घ्यायचं नसतं, बाई," मच्छिंद्र म्हणाला. "लाखाच्या आतलं घ्यायचं. उरलेल्यात कमरंला लावायचं चांगलं पाकीट, गोळ्या भरायचं एक जादा मॅगझिन, गोळ्या, आन् नेमबाजीच्या मैदानाची फी. हात बसल्याबिगर हत्यार म्हंजे नुसतं वजन."

सोलापूरच्या दुकानात जायचं ठरलं. तिघं गेले, कारण गाडी तिच्या थोरल्या दिराची होती. गौरीशंकर त्याचं नाव. पांढरीशुभ्र इस्त्री, कपाळाला भस्माचे पट्टे, आणि सगळ्या वाटेवर तोंडाची टकळी. त्याचा स्वतःचा लायसनचा अर्ज मारामारीच्या जुन्या केसपायी दोनदा फेटाळला गेला होता, हे राजेश्वरीबाईनं आधीच सांगितलं होतं. ते मच्छिंद्रच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं.

दुकानदारानं मखमल लावलेला ट्रे काढला आणि गौरीशंकरच्या पुढ्यात ठेवला. लायसन बाईचं, पैसे बाईचे, आणि ट्रे दिराच्या पुढ्यात! वरून "साहेब, हे बघा, साहेब, ते बघा." चकचकीत विदेशी पिस्तूल होतं, जुनं, कुणाचं तरी वापरलेलं. किंमत साडेचार लाख.

"घेऊन टाकू," गौरीशंकर म्हणाला. "वरचे पैसे म्या घालतो. घराण्याच्या इज्जतीचा सवाल हाय, राजेश्वरी. काळं डबडं घेऊन फिरायचं का?"

मच्छिंद्रनं ट्रे ओढून घेतला. हत्यार रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि नळीत पाहिलं. "आतून पार घासून गेलंय. ह्याचे सुटे भाग कुठं मिळत्यात? स्प्रिंग तुटली तर? बाहेरून आणायचं बंद झालंय म्हणून भंगाराला सोन्याचा भाव लावलाय तुमी."

"साहेबांना आवडलंय—"

"लायसन कुणाच्या नावावर हाय? साहेबांच्या? मग साहेबांशी काय बोलायलाव? गिऱ्हाईक ह्या बाजूला बसलंय!"

दुकानदार वरमला. मग त्यानं हसून एक इवलंसं पिस्तूल काढलं. "मॅडमसाठी हे. पर्समध्ये मावतं." मच्छिंद्रनं तेही बाजूला सारलं, कारण एवढ्याशा मुठीवर करंगळीसुद्धा टेकत नाही. त्यानं स्वतःच एक रिव्हॉल्व्हर मागितलं.

"बाई, हे बरं. पिस्तुलाला पहिली गोळी चढवायला वरचा भाग मागं वढावा लागतो. लई ताठ असतोय. तुमच्या हाताला जमायचं न्हाय. ह्याला ती कटकट न्हाय."

राजेश्वरीबाईनं दोन्ही हात काचेवर ठेवले.

"हवालदारसाहेब, भाऊजींनी इज्जत बघितली, ह्यांनी पर्स बघितली, तुमी बाईमाणूस बघितलं. माझा हात कुणी बघितला का? पंपाच्या टाक्यांची लोखंडी झाकणं रोज सकाळी म्या उचलते. अकरा वर्षं झाली."

मच्छिंद्रनं तिचे हात पाहिले. तळव्यांवर घट्टे होते, अंगठ्याच्या मुळाशी जुनी चीर होती. फौजेत नव्या पोरांना तो हात पाहिल्याशिवाय हत्यार देत नसे. इथं मात्र नुसती साडी पाहून त्यानं निकाल देऊन टाकला होता. इतरांवर दिवसभर तणतणणाऱ्या माणसाला स्वतःची लाज वाटली, आणि ती त्यानं बोलून दाखवली. "चुकलो, बाई."

मग त्यानं कामाला हात घातला. ट्रेमध्ये दोनच पिस्तुलं ठेवायला लावली, दोन्ही देशी, दोन्ही नवी. एक सरकारी कारखान्याचं, बत्तीस बोरचं, काळं, साधं, अठ्ठ्याण्णव हजारांचं. दुसरं खासगी कंपनीचं, हलकं, गोळ्या जास्त मावणारं, एक लाख वीस हजारांचं. दुकानदार दोन्हीला 'ऑटोमॅटिक' म्हणत होता. "ऑटोमॅटिक न्हाय," मच्छिंद्र खेकसला, "सेमी. चाप एकदा दाबला की एकच गोळी. पुढली आपोआप चढती, पण सुटती तुमी पुन्हा दाबल्यावरच. एवढं तरी गिऱ्हाइकाला सांगत जावा."

त्यानं तिला डोळे मिटायला लावले. रिकामं पिस्तूल समोरच्या भिंतीवर धरायचं आणि डोळे उघडून पाहायचं, नेम कुठं आहे. हलकं पिस्तूल दरवेळी वर उचललं जात होतं. काळं बरोबर कॅलेंडरवर येत होतं, तिसऱ्या खेपेलाही.

"आता वरचा भाग. वढू नका. डाव्या हातानं वरून गच्च धरा आन् उजवा हात पुढं ढकला."

खटकन आवाज झाला. तिनं पुन्हा केलं, मग आणखी दहा वेळा. गौरीशंकर मोबाइल बघत बसला.

"हेच," राजेश्वरीबाई म्हणाली. "इज्जत पंपावर हाय माझी. कमरंला न्हाय."

पुढचे दोन महिने ती दर रविवारी सरावाला जायची आणि फोनवर कळवायची. "आज पाच पैकी चार." मच्छिंद्र फोनवर खूश व्हायचा आणि मुक्ताबाईला ते आकडे दोनदा सांगायचा. "हात गार पडायचे थांबले," असं एकदा तिनं सांगितलं. त्या दिवशी तो पेढे घेऊन घरी आला.

दसऱ्याला सकाळी विहारात वंदना झाली. तो बाहेर येऊन पायात चप्पल घालत होता. मोबाइलवर सहज गौरीशंकरचं स्टेटस दिसलं. फेटा, जॅकेट, आणि कमरेला पाकिटात काळं पिस्तूल. खाली लिहिलं होतं, 'शस्त्रपूजन, घराण्याची परंपरा'. मच्छिंद्रनं तिथंच चप्पल आपटली.

फोनवर राजेश्वरीबाईचा आवाज बारीक झाला होता. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं थोरल्याच्या देव्हाऱ्यात पूजेला जायची, ही त्यांची रीत. इळे, कुऱ्हाडी, सासऱ्याची जुनी तलवार. गौरीशंकर घरी येऊन म्हणाला, पिस्तूल हत्यार न्हाय का? गोळ्यांसकट दे, पूजा अर्धी नसती करायची. तिनं दिलं. संध्याकाळी परत मागितलं तर उद्या, म्हणाला.

"दिलं?" मच्छिंद्र किंचाळला. "बाई, शस्त्रपूजा फौजेत बी असती! म्या सोता हळदकुंकू लावलंय! पण रिकामं करून, पहारा ठिवून! लायसन तुमचं, कमर त्येंची. कुणी एक तक्रार केली तर तुमचं लायसन गेलं, वरून गुन्हा. दीड वर्ष खेटे कशाला घातले?"

"देव्हारा घरचाच वाटला मला. चूक झाली. आता ओरडू नका. येताव का?"

त्यानं पहिली एसटी पकडली. उमरग्यापर्यंत उभा राहून आला आणि सगळ्या वाटेवर मनातल्या मनात गौरीशंकरचा उद्धार करत राहिला. पोलिसांत जावं तर पहिली ती अडकणार, आणि न जावं तर हा माणूस असाच मोकाट. दिराच्या हौसेची शिक्षा भावजयीला, हे त्याला कुठल्याच बाजूनं पचत नव्हतं.

मुरुमला गौरीशंकरच्या ओसरीवर सोनं द्यायला आलेल्यांची गर्दी होती. तो मधोमध खुर्चीत बसला होता, पाय पसरून, पाकीट दिसेल असा. त्याची चार वर्षांची नात शिवानी फरशीवर आपट्याच्या पानांचा ढीग करत होती. राजेश्वरीबाई पदर खोचून पुढं गेली. मच्छिंद्र तिच्या मागं उभा राहिला.

"भाऊजी, सोनं घ्या," तिनं पानं दिली, वाकून नमस्कार केला आणि ताठ उभी राहिली. "आन् माझं हत्यार द्या."

गौरीशंकर हसला. "उद्या पाठवतो की. चार माणसं बघायलेत."

"बघायलेत म्हणूनच मागायले. ह्याचं लायसन सरकारनं मला दिलंय, माझ्या नावावर. तुमच्या कमरंला दिसलं तर माझा पंप बंद आन् दोघंबी कोर्टात. सणाचं थोरल्या माणसाला बोलू नये, म्हाईत हाय मला. तुमी बोलायला लावलं."

त्यानं चिडून पिस्तूल उपसलं. बोट चापावर.

"बोट काढा!" मच्छिंद्र इतक्या जोरात ओरडला की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली. गौरीशंकरचं बोट झटक्यात बाहेर आलं.

राजेश्वरीबाईनं पिस्तूल घेतलं, तोंड अंगणाच्या मातीकडं केलं आणि मॅगझिन काढलं. मग वरून गच्च धरून उजवा हात पुढं ढकलला. आत राहिलेली एक पितळी गोळी बाहेर उडाली, फरशीवर टणटणली आणि घरंगळत शिवानीच्या पानांच्या ढिगाला जाऊन लागली. पोरगी ती घ्यायला वाकली.

आदल्या दिवशी फोटोसाठी गौरीशंकरनं सिनेमात करतात तसा पिस्तुलाचा वरचा भाग खडाडकन ओढला होता. गोळी चढली, याचा त्याला पत्ताही नव्हता. तेच कमरेला लावून तो अख्खा दिवस मिरवला होता, याच लेकराला मांडीवर घेऊन. मच्छिंद्रला रडू आणि शिवी एकदमच आली. त्यानं शिवी दिली.

"लॉक असंल की..." गौरीशंकर पुटपुटला.

"नव्हतं," राजेश्वरीबाई म्हणाली आणि पिस्तुलाची बाजू त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

आतून गौरीशंकरची बायको कमलबाई आली होती. त्या घरात तिचा आवाज पाहुण्यांनी सहसा ऐकलेला नव्हता. तिनं नातीच्या मुठीतून गोळी सोडवली, जावेच्या हातावर ठेवली, पोरीला कडेवर घेतलं आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"पुढल्या सालापासून पूजा म्या मांडणार," ती म्हणाली. "इळा आन् खुरपं. तुमी नुसता नमस्कार करायला यायचं."