साडेसातची मालिका आणि आमचे चुलतसासरे

अख्ख्या माळव्यात मराठी मालिका माझ्या चुलतसासऱ्यांइतक्या गांभीर्याने कोणी पाहिली नसेल. ती लिहिणाऱ्यांनी तर नाहीच नाही. काका धारला राहतात. सगळी नोकरी नापतोल खात्यात निरीक्षक म्हणून झाली. मनावर, सरदारपूर अशा गावांच्या बाजारांतले तराजू तपासत तपासत ते निवृत्त झाले, पण हातातलं काम सुटलं तरी डोळ्यांतलं सुटलं नाही. ते डोळे मग साडेसातच्या एका मालिकेवर खिळले.

मालिका होती एका मोठ्या एकत्र कुटुंबाची. तिच्यातली थोरली सून निळ्या साडीत जिना चढली आणि हिरव्या साडीत वर पोचली, की काका खुर्चीत ताठ होत. "जिन्यात कपाट आहे का?" धाकटीला दिवस गेले ते एका गणपतीत, आणि दुसऱ्या गणपतीचं विसर्जन होऊन गेलं तरी तिचं डोहाळजेवणच चाललेलं. "हत्तीण आहे काय ही?" घरातला मुलगा मंगळवारी विमानतळावर जायला निघाला तो पुढच्या सोमवारी पोचला, तेव्हा काका म्हणाले, "एवढ्यात मी पायी इंदूरला जाऊन परत आलो असतो, तेही वाटेत दोन ठिकाणी जेवून." मालिकेतल्या आजोबांनी एकदा रडता रडता चष्म्याच्या काचेतून आरपार बोट घालून डोळा पुसला. चष्म्याला काचच नव्हती. त्या दिवशी काका इतके हसले की ठसका लागून त्यांच्या सूनबाईंना पाणी घेऊन धावावं लागलं.

वाहिनीवर मात्र ते हसत नसत. 'एक तासाचा विशेष भाग' अशी जाहिरात झाली की ते मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवत आणि जाहिराती वजा करत. एकदा बेचाळीस मिनिटं भरली. "किलोच्या पुड्यात सातशे ग्रॅम! माझ्या हद्दीत असते तर दुकानाला सील लावलं असतं." मध्यंतरी महिनाभर मालिका साडेसहाला आणली, तर मुंज तलावावरची संध्याकाळची फेरी सकाळवर गेली, देवापुढचा दिवा सूर्य मावळायच्या आत लागू लागला, आणि तरीही त्यांनी वाहिनीला चार पोस्टकार्डं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. "पोचपावती तरी द्यावी माणसाने," एवढंच ते म्हणत.

हे सगळं बोलायचं कोणाशी, हा खरा प्रश्न होता. काकू गेल्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात पाळ्यांवर. सूनबाई मनावर गावच्या हिंदी घरातली. मराठी तिला 'पाणी, जेवण, या-बसा' एवढीच यायची. गल्लीत सगळी मालवी आणि हिंदी. अशात एकदा आम्ही धारला गेलो असताना मी, निव्वळ काहीतरी बोलायचं म्हणून, टीव्हीकडे बघत म्हणालो, "काका, मघाशी हिची बांगडी डाव्या हातात होती ना?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाजारभर हिंडून त्यांना एक खरं माप सापडलं होतं. तोवर मी 'जावईबापू' होतो, 'अहो' होतो. त्या क्षणापासून मी 'भिया', म्हणजे भाऊ झालो, 'तू' झालो. आणि दुसऱ्या दिवसापासून, रोज आठ वाजता, धारहून देवासला आमच्याकडे फोन. "देखा क्या भिया? कमाल झाली आज!"

पहिले पंधरा दिवस मी मालिका खरंच पाहिली. मग बँकेतली कामं वाढली, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला. पण काकांचं मन मोडवेना. शिवाय माझी गरज फार थोडी होती. गोष्ट ते स्वतःच सांगत. मी 'हो पाहिलं', 'कमाल आहे' आणि 'तुम्ही म्हणता ते खरं' या तीन वाक्यांवर दीड वर्ष काढलं. बायको म्हणायची, "त्यांना सांगून टाका, पाहत नाही म्हणून. ऐकायला आवडतं म्हणा." तेवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं नाही.

एका गुरुवारी बँकेतून दमून आलो, बूट काढतो आहे तोच फोन वाजला.

"भिया, पाहिलंस का आज?"

"पाहिलं ना काका. थोरल्या सुनेने कमाल केली."

पलीकडून अगदी हळू, "थोरली सून होती आज?"

"होती की! तीच तर होती."

"बरं," काका म्हणाले. आणि पुढे, "जावईबापू, जेवून घ्या. दमून आला असाल."

फोन ठेवला गेला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आज मालिका नव्हती," ती म्हणाली. "त्या वेळेला पुरस्कार सोहळा दाखवला. तेच सांगायला केला असेल त्यांनी फोन."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी फोन हातात घेऊन बसलो. वाजला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी स्वतः लावायला हवा होता. लावला तो आठवड्याने. "काका, त्या दिवशी मी..." एवढं म्हणतो तोच ते म्हणाले, "अहो, तुम्ही कामाची माणसं. चालायचंच." आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी मालिका रोज पाहू लागलो. सक्तीने नव्हे, एखाद्या बुडवलेल्या विषयाचा अभ्यास करावा तशी. चुकाही दिसू लागल्या. एकदोनदा फोन करून सांगितल्या, तर "हो का? छान," असं म्हणून ते बायकोची तब्येत विचारत.

गेल्या महिन्यात धारला गेलो. काकांनी अगत्याने या-बसा केलं, पोहे झाले, बँकेत बढती कधी म्हणून विचारलं. साडेसात वाजले तसे ते "बसा हं, आलोच" म्हणत आतल्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. जमिनीवर सूनबाई मटार सोलत बसली होती, काका खुर्चीत. पडद्यावर इस्पितळ, पलंगावर सासरा. माझ्या ध्यानात आलं, सलाईन काल उजव्या हाताला होती, आज डाव्या. मी तोंड उघडलंही होतं.

"बाबूजी!" सूनबाई मटाराची शेंग रोखून ओरडली, "सलाईन तो कल दूसरे हाथ में थी!"

काका खुर्चीतून अर्धे उठले. "पकड़ा! बरोब्बर पकड़ा बेटा!" आणि हसत हसत तिला अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत समजावू लागले की नर्स बदलली असेल असं म्हणावं तर पट्टीही दुसरी आहे. ती 'हो ना, हो ना' म्हणत होती, अगदी आपल्यासारखं मराठीत.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मी उघडलेलं तोंड मिटलं, आणि बाहेरच्या खोलीत पाहुण्यांसाठी काढलेल्या कपातला चहा संपवला.