जवसाची पिन्नी आणि अम्मांचा डबा

आमच्या घरी कुणाचा डबा आला की तो रिकामा परत जात नाही. निदान मूठभर तांदूळ तरी त्यात पडतात, नाहीतर परसातल्या वालाच्या शेंगा. एक डबा मात्र स्वयंपाकघरातल्या फळीवर वर्षानुवर्षं बसून राहिला, कारण त्यात काय भरावं हे माझ्या आईला सुचत नव्हतं.

तो डबा अम्मांचा होता. साकोलीच्या कॉलेजातून मी पदवी घेतली, तोवर आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. पुढच्या शिक्षणासाठी माझा नंबर कानपूरला लागला आणि एका घराच्या गच्चीवरची खोली भाड्याने मिळाली. त्या घराच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली अम्मा म्हणायची. तिथली थंडी मला ठाऊक नव्हती. पहाटे धानाच्या बांधीत गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला मी, पण ती थंडी हाडात शिरून बसायची. पहिल्याच हिवाळ्यात अम्मा एकदा जिना चढून वर आल्या, कठड्याला धरून दम घेतला आणि माझ्या हातावर एक तपकिरी लाडू ठेवला.

"अलसी की पिन्नी है. रोज सुबह एक, दूध के साथ. मना किया तो किराया बढ़ा दूँगी."

मी घास घेतला. तुपात भाजलेली कणीक, गूळ, तळलेला डिंक, आणि या सगळ्याच्या तळाशी एक ओळखीची चव. दुसऱ्या घासाला ओळख पटली. जवस! धान कापायच्या आधी ओल्या बांधीत फेकून दिलं की आपलंआपण उगवणारं आमचं जवस. लसूण-मिरची घालून त्याची चटणी करायची, एवढंच आम्हाला माहीत. त्याचं गोड होतं हे मी कधी ऐकलंसुद्धा नव्हतं.

तिथे होतो तोवर प्रत्येक हिवाळ्यात अम्मांनी मला पिन्नी खाऊ घातली. परीक्षेच्या दिवसांत तर माझ्या दाराशी वाटी ठेवून त्या न बोलता खाली जात. मी पास झालो, निघालो, तेव्हा त्यांनी प्रवासासाठी डबाभर पिन्न्या दिल्या. त्या घरी पोचेपर्यंत संपल्या. रिकामा डबा आईने राखेने घासला, पुसला आणि हातात धरून उभी राहिली.

"हा वापस द्या लागंल."

"पाठवतो पार्सलनं," मी म्हणालो.

"खाली डबा? त्या बाईनं माह्या पोराले सगळे हिवाळे खाऊ घातलं, अन् मी तिले खाली डबा धाडू?"

मग काय भरायचं? तांदूळ तर बाजारात मिळतात. चटणी म्हणजे काय देणं झालं! पेढे आणून भरू म्हटलं तर ते दुसऱ्याच्या हातचे. आई स्वतःच एकेक गोष्ट सुचवायची आणि स्वतःच मोडीत काढायची. दर दिवाळीला डबा खाली उतरायचा, घासला जायचा आणि परत फळीवर जायचा. मी साकोलीला शाळेत शिकवायला लागलो, घराला पक्कं छत आलं, तरी डबा तिथेच.

गेल्या हिवाळ्यात अम्मांचा फोन आला. नागपूरला भाचीचं लग्न होतं. ते आटोपून, परतीची गाडी पकडण्याआधी, त्यांना एक दिवस आमच्या गावी, एकोडीला, यायचं होतं. "मास्टरजी का गाँव देखना है," म्हणाल्या. मी फोन ठेवेपर्यंत आई माझ्याजवळच उभी होती. सगळं ऐकून तिने फळीकडे पाहिलं.

"पिन्नीच भरीन," ती म्हणाली.

"माय, ती त्यांचीच चीज आहे. त्या जन्मभर करून राहिल्या."

"जवस तं आपलं आहे न?"

"मग फोन करून नीट विचारून घेतो, काय किती घालायचं ते."

"तिलेच विचारून तिलेच खाऊ घालतं का? तू पाह्यलं ना करताना? सांग मंग."

मी अम्मांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पुष्कळदा पाहिलं होतं. त्या आठवणीच्या भरवशावर, अम्मा यायच्या आदल्या दिवशी दुपारी, आम्ही चुलीशी बसलो. जवस मंद आचेवर भाजायचं, दाणे तडतडायला लागले की उतरवायचं, हे मी आईला दोनदा सांगितलं. "हो, हो," म्हणाली. पण हात चटणीच्या सवयीचे. तडतड पुरती थांबेपर्यंत तिने कढई खाली घेतली नाही. मग आमच्या दगडी खलात जवस कुटलं. कणीक तुपात भाजली, धावड्याचा डिंक फुलवला, गूळ वितळवला, सगळं कालवून लाडू बांधले. दिसायला अगदी अम्मांच्या पिन्नीसारखे.

मी एक तोंडात टाकला. आधी गोड लागलं. मग थोडं कडू. मग लसूण आला आणि शेवटी घशात मिरची लागून मला ठसका बसला.

बाबा बाजेवर बसले होते. आईने त्यांच्या पुढ्यात लाडू धरला. "अजी, तुम्ही खाऊन पाहा बरं."

बाबांनी शांतपणे अर्धा लाडू चावला. "भात आहे का?"

"भात कायले?"

"चटणी कोरडी कशी खाऊ?"

मी हसलो, बाबा हसले, आई हसली नाही. तिने खल मांडीवर घेतला आणि नाक लावून वास घेतला. याच खलात तिच्या सासूने चटणी कुटली होती, त्याआधी सासूच्या सासूनेही कुटली असेल. दगडाने तो सगळा लसूण पिऊन ठेवला होता. मिक्सरचं भांडं काढलं, त्यालाही तोच वास. आईने भांडं धुवायला टाकलं.

"उद्या ती येऊन राहिली," ती हळूच म्हणाली. "यावेळी डबा खाली गेला, तं मंग कधी जाते तो भरून?"

अम्मांचं वय मला माहीत होतं. लग्नासाठी एवढा प्रवास त्यांनी केला, हेच मोठं होतं. पुन्हा त्या कशाला या बाजूला येणार! 

सकाळी उठलो तर अंगणात आई लाकडी उखळ धूत होती. हे उखळ नव्या धानाचे पोहे कांडायला वर्षातून एकदा गोठ्यातून बाहेर निघतं. पोह्यांशिवाय त्यात कधी काही पडलेलं नाही. त्याला वास फक्त धानाचा.

"मुसळ घे," ती मला म्हणाली. "अन् कढईजवळ कान देऊन बस."

जवस कढईत पडलं. मी कान देऊन बसलो. एक दाणा तडकला, मग दोन, मग भराभर.

"आता, माय! उतरव!"

"कायले बोंबलून राहिला? मी का बहिरी आहो?" पण कढई लगेच खाली आली.

मी जवस कांडलं, फार बारीक नाही, फार भरड नाही. तिने कणीक भाजायला घेतली. तुपाचा वास घरभर पसरला आणि मला थेट कानपूरची ती गच्ची आठवली. मी म्हणालो, "हाच वास, माय. हाच." त्यावर ती उठली, पिठाच्या पिंपातून नव्या तांदळाचं पीठ मूठभर घेऊन आली आणि मूठ कढईवर धरली.

"अम्मा तांदळाचं पीठ घालत नाहीत!"

"तिच्या घरी धान नाही. आपल्या घरी आहे," आई म्हणाली आणि मूठ उघडली.

लाडू गरम असतानाच बांधावे लागतात. तिचे तळवे लाल झाले. मधूनमधून ती हातावर फुंकर मारायची आणि पुन्हा बांधायला घ्यायची. एकही लाडू फुटला नाही.

दुपारी अम्मा आल्या. गाडीतून उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. आईने पाय धुवायला पाणी दिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मग अम्माच म्हणाल्या, "आपका बेटा बहुत कम खाता था, बहनजी. मैंने डाँट डाँट के खिलाया." आईचे डोळे भरले. उत्तर द्यायचं सोडून ती आत गेली आणि ताटलीत पिन्नी घेऊन आली.

अम्मांनी पिन्नी अंगठ्याने दाबून पाहिली, तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.  बाबासुद्धा बाजेवरून उठून उभे राहिले.

"ये मेरी वाली पिन्नी नहीं है," अम्मा म्हणाल्या.

आईने ताटली बाजेवर ठेवली.

"दाँत के नीचे कुछ कुरकुरा आता है. क्या डाला है इसमें?"

"चावल का आटा है," आई म्हणाली. तिचा आवाज आधी बारीक होता, मग सरळ झाला. "नया चावल. हमारे खेत का. अलसी भी हमारे खेत की."

अम्मांनी डोळे उघडले आणि दुसरी पिन्नी उचलली. "हद हो गई! जिंदगी भर बनाती रही, ये मेरी अकल में नहीं आया." मग माझ्याकडे वळल्या. "और तू! इतने साल मेरी खाता रहा और बताया नहीं कि तेरी माँ ऐसी बनाती है?"

"आज पयली बार बनाया," आई म्हणाली आणि मोकळी हसली. कालचा प्रकार बाबांनी मग रंगवून सांगितला, भाताच्या मागणीसह. अम्मा हसता हसता खोकल्या.

निघायच्या आधी आम्ही त्यांना बांधापर्यंत नेलं. जवस निळ्या फुलांवर आलं होतं. शहरात वाढलेल्या अम्मांनी अलसी आजवर फक्त दुकानातल्या पुडीत पाहिली होती. त्यांनी वाकून एका फुलाला बोट लावलं, तोडलं मात्र नाही.

गाडीत बसल्यावर आईने डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. काठोकाठ भरलेला, वरून फडक्याने बांधलेला. अम्मांनी फडकं सारून झाकणावर कोरलेली आपल्या घराची खूण पाहिली.

"अरे, ये तो मेरा डिब्बा है! मैं तो कब की भूल गई थी."

"हमको याद था," आई म्हणाली.

घरी परतताना ती माझ्या पुढे चालत होती. इतकी भरभर चालताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

काही दिवसांनी कानपूरहून फोन आला. आई अंगणात लाखोळीच्या कोवळ्या पानांची भाजी निवडत होती. मी फोन तिच्यासमोर धरला. "डिब्बा खाली हो गया," अम्मा सांगत होत्या. "बहू और बच्चों ने मुझे गिन के दो खाने दीं. अब तू ही बता, इसमें भर के क्या भेजूँ? मेरी पिन्नी तो अब तेरी माँ के सामने चलेगी नहीं."

आईने भाजी निवडणं थांबवलं नाही. फक्त मान वर करून म्हणाली, "घाई नाही म्हण तिले. राहू दे तिच्याजवळ."

बाजेवरून बाबांचा आवाज आला, "आता ती बसंल डब्याकडे पाहत."

"बसू द्या," आई म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.