साखळी लावलेली होती का?

माझा एक आवडता दिग्दर्शक आहे. त्याच्या सिनेमात कुणी छाती बडवून काही सांगत नाही. माणसं पीठ मळता मळता, भांडी घासता घासता बोलतात, आणि कॅमेरा बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याच्या तोंडावर थांबतो. एकच गोष्ट चारदा सांगणाऱ्या घरात नांदलेल्या बाईला हे फार बरं वाटतं. पण त्याची खरी खोड शेवटी. गोष्ट संपली असं वाटतं, आणि मग संगीत नाही, शब्द नाही, एखादी साधी वस्तू तो क्षणभर दाखवतो. सगळा निकाल तिच्यात असतो.

आणि नेमके तेव्हाच आमच्याकडचे लोक उठतात. गर्दीच्या आधी पार्किंगमधून गाडी काढायची असते ना! त्यात माझा नवरा सर्वांत पुढे. लातुरात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि ते आमच्याविना ओस पडलंय असं त्यांना सतत वाटतं. मागच्या सिनेमाला त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. त्यातला म्हातारा शेवटी घर सोडून गेला, असं मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. मग पुण्याहून मुलीचा फोन आला, "आई, शेवटी दारातल्या त्याच्या चपला बघितल्यास ना?"

कुठल्या चपला?

नवा सिनेमा लातूरला लागलाच नाही. नांदेडला लागला. आत शिरण्याआधीच मी गाडीची चावी मागून घेतली आणि पर्समध्ये टाकली.

"चावी कशाला?"

"संपल्यावर देते."

सिनेमातली मुलगी आईच्या मनाविरुद्ध लग्न करून जाते. आई त्याच दिवशी दाराला साखळी घालते. गल्लीतल्या बायका येऊन टोचतात, आई तांदूळ निवडत राहते. शेवटी मुलगी गावच्या स्टँडवर उतरते. आई दार उघडेल की नाही, एवढाच प्रश्न. पडदा काळा झाला. आता तो ती शेवटची वस्तू दाखवणार, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात डोअरकीपरने बाहेरचं दार खाडकन उघडलं. पडद्यावर ऊन आलं. पुढच्या रांगा उठल्या.

मी मागे वळून ओरडले, "अहो दादा, दार लावा! संपला नाही अजून!"

"संपला की मावशी. नावं येऊन राहिली."

वळून बघते तर खरंच नावं. नवरा मात्र खुर्चीतच होता. चावीशिवाय जाणार कुठे? जन्मात पहिल्यांदा त्यांनी अख्खा सिनेमा बघितला होता, आणि माझाच शेवट हुकला होता.

"काय दाखवलं?"

"दार."

"साखळी लावलेली होती का काढलेली?"

"जुन्या टाईपची हाय. घडीव लोखंडाची. आता माल येत न्हाई तसला."

"अहो, लावलेली का काढलेली?"

"ते न्हाई बघितलं बा मी."

मी चावी दिली आणि आम्ही लातूरच्या रस्त्याला लागलो. वाटेतलं लोहा गाव मागे पडल्यावर ते आपणहून म्हणाले, "पण हलत व्हती."

"काय?"

"साखळी. लोंबत व्हती, अन् जराशी हलत व्हती."

म्हणजे आत्ताच काढलेली! म्हणजे मुलीने हाक मारायच्या आधीच आई दारात येऊन पोचलेली!

"हे मघाशी सांगायला काय झालं होतं?"

"तू लावली का काढली इचारलं. हलती का, हे कुठं इचारलं?"

मी गाडी वळवायला सांगितली. सहाचा शो मिळणार होता.

"आता कशाला? सांगितलं की सगळं."

"तुम्ही सांगितलंत. मी बघितलं नाही."

दिवसभर दुकान बंद, असं पुटपुटत त्यांनी एका ढाब्यासमोर गाडी वळवली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "ह्या वक्ताला दाराजवळची सीट घेऊ. त्या गड्याला दारच उघडू देत न्हाई मी."

"तिथून पडदा तिरका दिसतो. तुम्ही बसा दाराजवळ, मी मधे बसते," मी म्हटलं. "आणि पोचल्यावर चावी इकडे द्या."