दरडीवरची चुन्याची पट्टी

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा मी खाणीकडच्या डोंगरी रस्त्यावर मुकादम होतो. पावसाळ्यात तिथले दगड सुटत. एखाद्या दगडाचा संशय आला की त्याच्यावरून मागच्या कातळापर्यंत आम्ही चुन्याची पट्टी ओढायचो. पट्टी तुटलेली दिसली म्हणजे दगड हलला. मग रस्ता बंद. सरळ दिसली की गाड्या सोडायच्या.

एकदा मोठी झड लागली. उघडीप मिळाल्यावर मी वर चढलो, तर वळणावरच्या मोठ्या दगडावरची पट्टी धुऊन गेलेली. मी डब्यातला चुना घेऊन नवी ओढली आणि उतरलो.

खाली कोहका गावचा एक ट्रक ड्रायव्हर खाणीवरच्या मजुरांचा किराणा घेऊन थांबला होता. इंजिन बंद करून तो वर पाहत होता.

"मुकादम, जाऊ का?"

"जा ना भाऊ. पट्टी सरळ आहे."

"तुह्या चुन्यावर माहा जीव सोपवून राहिलो. पानाले लावतो तेवढा तरी लावला ना?"

मी हसलो. आत्ता ओढलेली पट्टी सरळच असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं होतं का? कधी वाटतं, आलं होतं. कधी वाटतं, जुनी पट्टी पुरती गेली नव्हती, पुसट खूण होती आणि ती जुळत होती. दोन्ही चित्रं डोळ्यांपुढे येतात. दोन्हींत चुना ओला आहे.

वळणावर तोच दगड ट्रकच्या केबिनवर आला. ड्रायव्हर वाचला, उजवा पाय गेला. चौकशीत मी एवढंच म्हणालो, "पट्टी सरळ होती." साहेबांनी त्यावरून ठरवलं की गाडी जोरात नेली, हादऱ्यानं दगड सुटला. तेव्हापासून तो सगळ्यांचा 'घाईवाला' झाला.

पुढे त्याला स्टोअरमध्ये बसवलं. मी दिसलो की म्हणायचा, "मान कायले खाली घालतं? दगड तुले विचारून पडला का?" त्याला काही माहीत नव्हतं म्हणून म्हणायचा, की सगळं माहीत असून? मी कधी विचारलं नाही. आता तो नाही.

परवा त्याच्या नातवानं स्कूटर घेतली. पेढा देताना घरातलं कुणी त्याला म्हणालं, "आज्यासारखी घाई नोको करू."

पेढा माझ्या हातातच राहिला. म्हणून हे लिहितो आहे. तो थांबला होता. त्यानं विचारलं होतं. जा, असं मी म्हणालो. आणि तो निघाला तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. वळणापर्यंत मी पाहत उभा होतो.