वंचकांना त्रास देऊ नये

आमच्या कोपरच्या सोसायटीत पार्किंगला लागून एक जुनी चिंच आहे. यंदा मे महिन्यात खाडीकडचे बगळे तिच्यावर घरटी बांधायला लागले आणि खालच्या गाड्यांवर रोज विष्ठेचा सडा पडू लागला. फांद्या छाटा, असा सगळ्यांनी घोषा लावला. शेवटी डोंबिवलीतल्या पक्षीमित्रांच्या गटानं तोडगा काढला. गाड्यांवर ताडपत्री ते बांधणार, आणि पिल्लं उडेपर्यंत आम्ही झाडाला हात लावायचा नाही. करारावर अध्यक्षांनी सही केली, सेक्रेटरी म्हणून मी केली, खजिनदारांची तेवढी राहिली. ती झाली नाही तर रविवारी बोलावून ठेवलेला फांद्या तोडणारा कामाला लागणारच होता.

मी मात्र हवेत होते. मला शुद्ध मराठीची भारी हौस. पक्ष्याचं पुस्तकातलं नाव शोधलं आणि फळ्यावर झोकात लिहिलं: 'आपल्या सोसायटीत वंचक वास्तव्यास आहेत. त्यांना कोणीही त्रास देऊ नये.'

संध्याकाळपर्यंत अख्खी बिल्डिंग खिदळत होती. वंचक म्हणजे फसवणारा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पक्षी कुणालाच ठाऊक नव्हता. आणि सोसायटीचे पैसे सांभाळणारा माणूस एकच.

शनिवारी सकाळी खजिनदार दारात हजर. सही सोडाच, राजीनामा देतो म्हणाले. घरटी गेली, असंच वाटलं. तरी हसू काही थांबेना, ते दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं. त्यांना तो पश्चात्ताप वाटला असावा, कारण मी 'जरा या' म्हटल्यावर ते मुकाट्यानं गॅलरीत आले.

समोरच्या फांदीवर तो बसला होता, मातकट, मान आखडून, थेट खजिनदारांसारखा रुसलेला. हाच वंचक, मी सांगितलं. तेवढ्यात तो उडाला आणि पंख उघडताच पांढराशुभ्र झाला. बसलेला कळकट दिसतो आणि उडताना असा चकवतो, म्हणून हे नाव.

खजिनदारांनी कठड्यावरून वाकून त्याला पाहिलं.

"म्हणजे वरून कळकट, पण आतून स्वच्छ," ते म्हणाले. "मग लोक उगाच नावं ठेवतात त्याला."

त्यांनी तिथेच सही केली. मला तर नाचावंसं वाटत होतं. रविवारी फांद्या तोडणाऱ्याला त्यांनीच गेटवरून परत पाठवलं. मी फळा पुसायला खाली गेले, तर माझ्या सूचनेखाली त्यांच्या अक्षरात एक ओळ होती: 'झाडावरचे वेगळे, मी वेगळा. दोघांनाही त्रास देऊ नये.'