पारगावच्या पुलावरचं पाणी

ओल्या घोंगडीचा वास आला की मला दौंडची ती वाट आठवते. लहानपणी आमच्या घराला वर्षातले आठ महिने दारच नसायचं. मेंढरं नेतील तिथं आमची चूल. पुढं वडिलांनी न्हावऱ्याजवळ थोडं रान केलं आणि मी बारावी झाले. दौंडच्या कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. भर पावसात वडील आणि मी शिरूरहून आलेल्या एसटीत बसलो, तर वर चासकमान धरणातून पाणी सोडलेलं आणि पारगावला भीमा पुलावरून वाहत होती. ड्रायव्हर म्हणाला, "गाडी माघारी नेतो." मला रडूच फुटलं. वडील घोंगडी डोक्यावर घेऊन काठापर्यंत गेले नि तिथूनच ओरडले, "थांबा, पाणी उतरतंय!" कंडक्टर हसला, "आबा, धरणावाल्यांनी तुम्हाला फोन केला व्हय?" "फेस बघा की. चढतं पाणी फेस पुढं ढकलतंय, उतरतं पाणी काठावर टाकून जातंय. माझ्या मेंढरांना कळतंय, तुमास्नी कळंना व्हय?" सगळी एसटी हसली, पण ड्रायव्हरनं गाडी उभी ठेवली. दीड तासानं पूल उघडा पडला. ड्रायव्हर आधी स्वतः चालत जाऊन बघून आला, मगच त्यानं गाडी घातली. केडगाव, पाटस करत आम्ही पोचलो आणि कॉलेजच्या ऑफिसची खिडकी बंद व्हायच्या आत माझा फॉर्म आत गेला. आता त्या वाटेनं मी माझ्या गाडीतून जाते. त्याच कॉलेजातून मी बी.कॉम. झाले; आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी.