टाकीअलीकडचा मंगळ

घरमालकीणकाकूंना संशय घ्यायला कारण लागत नसे. कारण मागाहून सापडे. दूधवाला हसला, की काकू पातेलं उजेडात धरून बघत, आज पाणी किती घातलंय म्हणून. साऱ्या जगात विश्वास एकट्या काकांवर. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सिगारेटवरून दम भरला आणि काकांनी काकूंच्या देखत पाकीट कचऱ्यात टाकलं. झालं, विषय मिटला.

पण तळमजल्यावरच्या शिंप्यानं जुना डिजिटल कॅमेरा घेतला, गच्चीची किल्ली मागून घेतली आणि अंधार पडला की तो वर जाऊ लागला, तेव्हा काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

"ताऱ्यांचे फोटो म्हणे! समोर एवढ्या खिडक्या आहेत, त्या दिसत नाहीत वाटतं?"

"अगं, बिचारा आभाळाकडेच बघतो," काका म्हणाले. "मी जातो ना रोज जेवण झालं की टाकीचं पाणी बघायला."

"तुम्ही भोळे!"

सकाळी काकू थेट दुकानात. "फोटो दाखव. एक जरी खिडकी दिसली, तर गच्चीची किल्लीही विसर आणि हे दुकानही विसर."

शिंप्याला घाम फुटला. पण आपले फोटो बघायला कुणीतरी आलं, याचा आनंदही लपेना. तो सांगत सुटला. स्टँड परवडत नाही, म्हणून चिंध्या भरलेली उशी कठड्यावर ठेवायची, तिच्यात कॅमेरा रुतवायचा. बोटानं हलू नये म्हणून टायमर लावायचा. शटर अर्धा मिनिट उघडं ठेवायचं, म्हणजे बारीक तारेही उमटतात.

"आणि तेवढा वेळ तू काय बघतोस?"

"मी पाठीवर पडून वर बघतो, काकू."

पहिले फोटो नुसते पांढरे धूसर पुंजके. "हा काय, कापूस?"

"फोकस चुकला होता. आता भिंगाच्या रिंगवर खडूनं खूण केलीय."

पुढे मात्र तारेच तारे. खिडकी एकही नाही. काकू जरा हिरमुसल्याच. तेवढ्यात त्यांचं बोट खालच्या कोपऱ्यातल्या लाल वेलांटीवर थांबलं. "हे काय?"

शिंप्याची छाती फुगली. "मंगळ! जरा हललाय."

पुढच्या फोटोतही मंगळ. त्याच्या पुढच्यातही.

"रोज दिसतो?"

"काका वर आले की हमखास. पायगुण आहे त्यांचा!"

काकूंनी चष्मा पुसला. लाल रेघेमागे टाकीचा काळा गोलावा होता. म्हणजे मंगळ टाकीच्या अलीकडे! तोही माणसाच्या कमरेपासून तोंडापर्यंत वर जाऊन पुन्हा खाली येणारा.

"अहो, खाली या. मंगळ बघायला."

काका आले. फोटो बघून त्यांचा चेहरा उतरला. "मंगळच तो. मीही पाहिलाय."

"टाकीच्या अलीकडे?"

काका शिलाई मशीनचं पायडल निरखू लागले.

"खिसा."

कापडाच्या ताग्याशेजारी पाकीट आलं. "एकच ओढतो गं."

"त्या दवाखान्याच्या बाकावर मी पुन्हा बसायची नाही," काकू म्हणाल्या.

शिंप्यानं किल्ली हळूच काकूंपुढे सरकवली. काकूंनी ती परत ढकलली.

"रोज वर जायचं. सकाळी फोटो आधी मला दाखवायचे."

"पण काकू, ढग असले तर?"

"असू देत. टाकी तेवढी नीट येऊ दे."